तांब्याचं फूल आणि शिशाचा चुरा

१

लॉरेन्स स्टेनला रेड्यानं मारलं, याबद्दल ऑलडेज गावात कुणाचंच दुमत नव्हतं. फासळ्या मोडल्या होत्या, मांडीत शिंग आरपार गेलं होतं, आणि हे करणारा रानरेडा थोड्याच अंतरावर मोपानीच्या झुडपांत मरून पडलेला सापडला होता. सारा जन्म परदेशी पाहुण्यांना शिकारीला नेण्यात घालवलेला माणूस शिकारीतच गेला, देवाची मर्जी, असं पाद्री म्हणाला आणि लोकांनी माना डोलावल्या. दफन झालं, चर्चमागच्या खोलीत कॉफी झाली, गाड्या आपापल्या वाटेनं धुरळा उडवत निघून गेल्या.

एक गाडी तेवढी पोलीस ठाण्यासमोर थांबली. तिच्यातून गावी लेमर उतरला. अंगात दफनाचा काळा कोट, नखांत काळं तेल. लुई ट्रिखार्टच्या रस्त्याला घरामागे त्याचा छोटासा कारखाना होता आणि तिथे तो तांब्याच्या सळीतून शिकारीच्या बंदुकीच्या गोळ्या घडवायचा. माल थोडा, किंमत जबर, आणि मागणाऱ्यांची रांग महिनोन् महिने लांब.

कॅप्टन मोखाडी सेबोलानं त्याला खुर्ची दाखवली. पोलोक्वानेहून बदली होऊन ती इथे आली त्याला फार काळ झाला नव्हता, आणि ठाण्यात आपणहून चालत येणाऱ्या माणसाकडे ती आधी संशयानंच बघायची. आपलं काही अडल्याशिवाय कुणी पोलिसाच्या दारात येत नाही, हा तिचा अनुभव.

लेमरनं सांगितलं ते थोडक्यात असं. रेड्याचा माग काढणारा म्हातारा रिसिमाती त्याला दफनाला भेटला होता. तो म्हणाला, जखमी रेडा समोरून चालून आला, लॉरेन्सनं अगदी जवळून दोन बार टाकले आणि दोन्ही लागले. तरी रेडा थांबला नाही.

"माझी गोळी तिथून लागली, तर रेडा गुडघ्यावर बसतो, कॅप्टन," लेमर म्हणाला. "पुढे येत नाही. हे मी काही माझ्या धंद्यासाठी म्हणत नाहीये."

"लोक असं म्हणतात तेव्हा बहुधा धंद्यासाठीच म्हणतात," मोखाडी म्हणाली.

ती उठली आणि कपाटातून एक पिशवी काढून तिनं टेबलावर ठेवली. रेडा सोलताना निघालेला ऐवज तिच्या शिपायानं त्या पिशवीत भरून आणला होता. आत एक तांब्याची गोळी होती, तोंडाशी चार पाकळ्यांत उमललेली, अगदी फुलासारखी. आणि बरोबर मूठभर करडा चुरा, शिशाचे कण आणि पातळ पत्र्याचे फाटके तुकडे.

लेमरनं फूल चिमटीत धरून उजेडाकडे फिरवलं. त्याच्या बुडाशी कोरलेल्या बारीक खाचा बघितल्या आणि मान हलवली. गोळी त्याचीच होती. यंदाच्या मोसमाला त्यानं खाचा नव्यानं आखल्या होत्या, आणि त्या मापाची पहिली पेटी लॉरेन्सलाच दिली होती.

"म्हणजे तुमची गोळी रेड्यात शिरली, उमलली, आणि तरी रेडा आला," मोखाडी म्हणाली. "तुमची तक्रार तुमच्याच अंगावर येतेय, मिस्टर लेमर. हा चुरा लॉरेन्सबरोबर शिकारीला गेलेल्या पाहुण्याच्या स्वस्तातल्या गोळीचा असणार."

लेमरनं फूल परत टेबलावर ठेवलं. मग त्यानं एकच प्रश्न विचारला. फूल रेड्याच्या अंगातून नेमकं कुठून निघालं? पुढून की मागून?

मोखाडीनं पिशवी उलटसुलट केली. शिपायानं त्यावर तारखेशिवाय काहीही लिहिलं नव्हतं. तिला त्या शिपायाचा राग आला. आणि बरोबर प्रश्न विचारला म्हणून लेमरचाही थोडा आलाच.

जाता जाता तो दारात अडखळला. दर वर्षी मोसमाआधी लॉरेन्स स्वतः यायचा, म्हणाला. एकेक गोळी अंगठा आणि तर्जनीत फिरवून बघायचा, नको वाटली ती बाजूला काढायचा, आणि त्यात अख्खी सकाळ जायची. यंदा पहिल्यांदाच त्यानं फोनवर मागणी केली आणि पेटी न्यायला बायकोला धाडलं. मला वाटलं, माझ्यावर रुसला.

२

स्टेनांचं टांबोटी फार्म गावापासून दूर, नदीच्या कोरड्या पात्राकाठी होतं. मोखाडीचं स्वागत रुआननं केलं. लॉरेन्सला मूल नव्हतं. रुआन त्याच्या भावाचा मुलगा, पाहुण्यांची बुकिंगं, परवाने, विमानतळावरची ने-आण हे सगळं तोच बघायचा. पस्तिशीचा, नीटनेटका, डोळे रडून सुजलेले. त्यानं कॉफी आणली, रस्कची बशी पुढे सरकवली आणि न विचारताच सगळं सांगू लागला.

पाहुणा डेन्मार्कचा, प्रेबेन होल्स्ट नावाचा. हौस मोठी, हात कच्चा. त्यानं रेड्याला पोटात मारलं. जखमी जनावर दाट झुडपात शिरलं की त्याच्या मागे शिरायचं काम शिकारनायकाचं, तो कायदाच आहे. काका शिरले. रुआन तेव्हा गाडीपाशी होता, त्यानं फक्त बार ऐकले.

"खरं सांगू, कॅप्टन? काकांच्या गोळ्या उत्तमच होत्या. लेमरच्या म्हणजे सोनंच. पण वय झालं होतं. हात पूर्वीसारखा राहिला नव्हता. घरच्या माणसानं हे बोलू नये, पण तुम्ही विचारताय म्हणून."

तिनं काहीच विचारलं नव्हतं. तिनं रस्क कॉफीत बुडवला आणि मृताचा काडतुसांचा पट्टा बघायला मागितला.

बंदुकांची खोली जाड भिंतींची होती, आत लोखंडी तिजोरी. किल्ल्या दोन, एक रुआनकडे, एक लॉरेन्सच्या बायकोकडे, हेस्टर काकूकडे. लॉरेन्सची बंदूक त्या दिवशी रुआननंच रिकामी करून आत ठेवली होती. भरलेली बंदूक इकडेतिकडे पडू देणं बरं नव्हे, असं तो म्हणाला, आणि त्यात गैर असं काही नव्हतं. पट्टाही तेव्हापासून तिथेच खुंटीला टांगलेला होता. त्याला कुणी हात लावला नाही, असंही त्यानं सांगितलं.

मोखाडीनं पट्टा उजेडात आणला. चामड्याच्या ज्या घरांत काडतुसं खोचतात ती रक्तानं भिजून, वाळून, कडक झाली होती. काळपट खपली धरली होती. आणि त्या घरांमधून लेमरची तांब्याच्या टोकाची काडतुसं दुकानातून आत्ताच आणल्यासारखी चकचकत होती. त्यांच्यावर ना रक्ताचा ठिपका, ना धूळ.

एक काडतूस तिनं ओढलं. घराच्या आतली खपली कधीचीच भेगाळलेली होती. म्हणजे रक्त वाळल्यानंतर कुणीतरी तिथलं काहीतरी बाहेर काढलं होतं आणि मग ही आत सारली होती.

पट्टा कागदी पिशवीत घालून तिनं पोच लिहून दिली. रुआननं तिला दुसरी कॉफी विचारली, तेव्हा त्याचा आवाज पहिल्यापेक्षा किंचित वर गेला होता. पण दुःखातल्या माणसाचा आवाज वरखाली होतोच, तेवढ्यानं काही ठरत नाही.

३

हेस्टर स्टेन स्वयंपाकघरात बीन्स निवडत होती. कॅप्टनला बघून ती उठली नाही. बाई उंच, हाडापेरानं मजबूत, आणि बोलण्यात कोरडी. मोखाडीनं विचारलं त्याला तिनं तेवढ्यास तेवढी उत्तरं दिली.

काडतुसं कोण भरायचं? लॉरेन्स. नेहमी? नेहमीच. पितळी नळीत दारू घालायची, वर गोळी बसवायची, दाबयंत्राचा दांडा ओढायचा, हे काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. यंदाही? यंदाही. लेमरकडून पेटी आणायला तुम्ही का गेलात? मला गावात दुसरं काम होतं. कोणतं? बाईच्या बोटांतली शेंग मोडली. आठवत नाही, ती म्हणाली.

परसातल्या खोपीत लॉरेन्सचं काडतूस भरायचं टेबल होतं. मोखाडी एकटीच तिथे गेली. दाबयंत्र स्वच्छ पुसलेलं, तराजू कापडाखाली झाकलेला. टेबलाच्या कडेला साखळी लावलेला बायकी चष्मा ठेवलेला होता. खुर्चीच्या पाठीला स्वयंपाकाचा ॲप्रन होता, त्यावर दारूचे करडे डाग.

ती दारात थांबून सगळं बघत राहिली. लॉरेन्सच्या काडतुसांत कुणीतरी ढवळाढवळ केली होती, हे पट्ट्यानं सांगितलं होतं. तिजोरीची किल्ली या बाईकडे होती. पेटी हिनंच आणली होती. काडतुसं हिनंच भरली होती, आणि भरली नाहीत असं ती आत्ताच तोंडावर सांगत होती. गावात लोक म्हणत होते की हेस्टरला हे फार्म विकून समुद्राकाठी जायचं होतं आणि लॉरेन्स ऐकत नव्हता.

सगळं एकीकडे बोट दाखवू लागलं की मोखाडीला उलट धास्ती वाटायची. पण बोट तर दाखवलं जात होतंच.

४

रिसिमाती आपल्या झोपडीसमोर उन्हात पाय सोडून बसला होता. त्यानं तिला बसायला खोका दिला, आणि आधी ती कुठली, कुणाची, आईबाप आहेत की गेले, हे सगळं विचारून घेतलं. शिष्टाचार उरकल्याशिवाय तो कामाचं बोलणार नव्हता. मोखाडीनंही घाई केली नाही.

मग त्यानं वाळूत काटकीनं रेडा काढला. होल्स्टची गोळी इथून, डाव्या कुशीतून, रेडा तिरका होऊन चालत असताना. नंतर झुडपातून तो समोर आला तेव्हा लॉरेन्सच्या दोन्ही गोळ्या पुढून. एक कपाळाखाली, एक छातीत.

"आणि होल्स्ट?"

म्हातारा ओशाळला. पाहुण्याची निंदा करू नये म्हणाला. पण तो झाडावर होता.

"बाबा, रेडा तुम्हीच सोललात ना? तांब्याची गोळी कुठून निघाली?"

रिसिमातीनं काटकी उचलली आणि रेड्याच्या उजव्या कुशीवर, शेवटच्या फासळीमागे टेकवली. तिथे, कातडीखाली. डावीकडून शिरली, आतलं सगळं फाडत पलीकडे गेली, आणि कातड्याला अडून थांबली. रेडा शेवटी मेला तो तिच्याचमुळे, फक्त मरायला उशीर लागला.

"आणि चुरा?"

"तो छातीत आणि कपाळाच्या हाडावर. आत गेलाच नाही, लेकी. मातीचं ढेकूळ दगडावर फेकावं तसा फुटला."

मोखाडी त्या वाळूतल्या रेषांकडे बघत राहिली. सगळ्यांनी उलटं धरलं होतं, तिनंसुद्धा. तांब्याचं फूल लॉरेन्सचं, चुरा पाहुण्याचा, असंच कुणालाही वाटलं असतं. पण फूल पाहुण्याच्या बंदुकीतून सुटलं होतं. आणि ज्यानं आयुष्यभर गोळी पारखून घेतली, तो लॉरेन्स स्टेन चालून येणाऱ्या रेड्यासमोर असला माल घेऊन उभा होता, जो पुठ्ठ्याच्या निशाणाला भोकं पाडायला ठीक.

गाडीत बसून तिनं लेमरला फोन लावला. होल्स्टला तुम्ही गोळ्या विकल्या होत्या का?

नाही, लेमर म्हणाला. त्या माणसानं डेन्मार्कहून फोन केला होता. मी प्रत्येकाला विचारतो ते त्याला विचारलं, बंदूक कुठली, जनावर कुठलं, किती अंतरावरून मारता. तो म्हणाला, हरणापासून रेड्यापर्यंत सगळ्याला चालेल अशी एकच द्या, पैशाची काळजी करू नका. सगळ्याला चालणारी गोळी कुठल्याच जनावराला धड चालत नाही. मी नाही म्हणालो. मग रुआनचा फोन आला, पाहुणा मोठा आहे, जाहिरातीत आम्ही तुमचं नाव घातलंय, एवढं करा. त्यालाही नाही म्हणालो.

"दुकानातून मिळाल्या असतील?"

"मी दुकानांना देत नाही."

दोघांच्या बंदुका एकाच मापाच्या होत्या, तीनशे पंचाहत्तर. एकाची काडतुसं दुसऱ्याच्या बंदुकीत सहज चालली असती.

५

प्रेबेन होल्स्ट पाहुण्यांच्या खोलीत सामान बांधून बसला होता. परतीचं विमान दोन दिवसांवर होतं, आणि पोलिसांनी जाऊ नका म्हटल्यापासून तो घराबाहेर पडला नव्हता. गोरा, लठ्ठ, बांधकामाचा ठेकेदार. चार दिवसांत माणसाची रया गेली होती.

मोखाडीनं त्याच्याशी शिकारीबद्दल एक अक्षर काढलं नाही. बसता बसता तिची नजर पलंगाखालच्या लोखंडी डब्याकडे गेली. काडतुसांचा डबा, विमान कंपनीनं वरून पिवळी चिकटपट्टी गुंडाळलेली. पट्टी शाबूत होती.

"हा केव्हा आला?"

सामान मागे राहिलं होतं, होल्स्ट म्हणाला. बंदूक आली, हा डबा नाही. तो आला अपघाताच्या दुसऱ्या दिवशी. उघडण्याची इच्छाच झाली नाही.

"मग रेड्यावर तुम्ही काय झाडलंत?"

हा प्रश्न येईल हे जणू त्याला ठाऊकच होतं, आणि विचारला गेला म्हणून बरं वाटलं, असा त्याचा चेहरा झाला. काडतुसं रुआननं दिली. आधी निशाणावर चार-सहा उडवून बघितली, मग शिकारीला नेली. लेमरच्या आहेत हे बघूनच कळलं. आपल्याला नाही म्हणाला होता, तर मिळाल्या कशा, असं विचारलंही. रुआन हसला, म्हणाला, आमची जुनी ओळख आहे. अपघातानंतर त्या रात्रीच त्यानं उरलेली काडतुसं परत मागून घेतली, आणि सल्ला दिला की पोलिसांनी विचारलं तर माझी काडतुसं एवढंच सांगा. परदेशी माणसानं उसनी काडतुसं वापरली म्हटलं की कागदपत्रं वाढतात.

"मी खोटं बोललो नाही," होल्स्ट म्हणाला. "माझ्या बंदुकीत होती, म्हणजे माझीच." मग खाली बघून पुढे म्हणाला, "मी झाडावर चढलो, कॅप्टन. त्यांनी मला मागे राहा म्हटलं होतं, पण झाडावर चढ असं कुणी म्हटलं नव्हतं."

ती बाहेर आली. कुणी केलं हे आता कळलं होतं. पण एक गाठ सुटत नव्हती. लॉरेन्स काडतूस बोटात फिरवल्याशिवाय बंदुकीत घालत नसे. पेटीत दुसराच माल आहे हे त्याला हाताला लागताच कळायला हवं होतं. रुआननं एवढा धोका पत्करला कसा? आणि काकानं पकडलं असतं तर थट्टेवारी नेता येईल अशा बेतानं हे केलं होतं, की काका पकडूच शकणार नाही हे माहीत असल्यामुळे? पहिलं असेल तर मूर्खपणा. दुसरं असेल तर त्याला वेगळं नाव होतं.

६

स्वयंपाकघरात या वेळी मोखाडीनं खुर्ची ओढून हेस्टरच्या शेजारी घेतली.

"काकू," ती म्हणाली. आतापर्यंत ती मिसेस स्टेन म्हणत होती. "काडतुसं तुम्ही भरलीत. चांगली भरलीत, त्यात काही चूक नव्हती. तुम्ही भरलेल्या गोळीनंच रेडा मेला. मला फक्त एवढं सांगा, त्यांच्या हातांना काय झालं होतं?"

हेस्टरनं ओट्याचा काठ धरला. ती रडली नाही. पण तिनं श्वास असा सोडला, जणू तो दफनापासून तिथेच अडकून राहिला होता.

साखर, तिनं सांगितलं. चार-पाच वर्षं होती, पण गेल्या हिवाळ्यात बोटांतली जाणीवच गेली. सदऱ्याची बटणं लागेनात, जवळचं धूसर दिसायला लागलं. गावात कुणाला कळलं तर परवाना जाईल म्हणून तो शेजारच्या नव्हे, पार पलीकडच्या गावातल्या डॉक्टरकडे जायचा. गोळ्या पारखायला लेमरकडे गेला नाही तो लाजेपोटी. त्या माणसासमोर गोळी हातातून निसटून पडली असती. काडतुसं मी भरायची, आणि तो शेजारी बसून तोंडानं सांगायचा. शेवटची शिकार, म्हणाला होता, पुढच्या वर्षी सगळं रुआनच्या हवाली करतो. मला वाटलं, माझ्याच हातून दारू कमीजास्त पडली. म्हणून तुम्हाला खोटं सांगितलं. स्वतःलाही सांगत होते.

"हे आणखी कुणाला माहीत होतं?"

"कुणाला नाही. रुआनला तेवढं." बाईच्या चेहऱ्यावर थोडी माया आली. "मागच्या महिन्यात मांस भाजत होते. लॉरेन्सनं तापलेली जाळी उघड्या हातानं उचलली आणि उभाच राहिला, कळलंच नाही त्याला. कातडीचा वास आला तेव्हा रुआननं झडप घालून हात ओढला. मलम लावलं, पट्टी बांधली, आणि रडला बिचारा. म्हणाला, काकू, काकांना आता काहीच कळत नाही का गं हाताला? मी त्याला शपथ घातली, कुणाला बोलू नकोस."

आपण काय सांगितलं हे हेस्टरला हळूहळू कळत गेलं. माया चेहऱ्यावरून उतरली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही.

"त्यानं काय केलं?" तिनं विचारलं.

कॅप्टननं सांगितलं.

रुआन व्हरांड्यात होता. खिडकी उघडी होती, त्यानं किती ऐकलं कोण जाणे. पळाला मात्र नाही. मोखाडीनं पट्ट्याबद्दल सांगितलं, पिवळ्या चिकटपट्टीबद्दल सांगितलं, रेड्याच्या उजव्या कुशीबद्दल सांगितलं. सुरुवातीला तो तेच म्हणाला जे तिला अपेक्षित होतं. काकांना कळेल असं मला वाटलं. कळलं की शिव्या देतील आणि परत घेतील, एवढंच.

"जाळीवरून हात कुणी ओढला, रुआन?"

तो खाली बसला. मग सगळं भरभरून आलं. होल्स्ट पहिल्या दिवसापासून कुरकुरत होता, लेमरच्या गोळ्या नाहीत तर शिकार नको, मित्रांना सांगून आलोय. काकांकडे मागायची सोय नव्हती. पाहुण्याचा नेम कच्चा आहे, त्याला आधी एलंडसारख्या मोठ्या हरणावर हात बसवू दे, असं ते म्हणत होते. कोठारात निशाणावर झाडायची जुनी काडतुसं पडली होती, टोकं तांबूस, लांबून सारखीच दिसणारी. अदलाबदल केली. होल्स्ट एका गोळीत रेडा पाडेल आणि काकांना बंदूक खांद्याला लावावीही लागणार नाही, असा त्याचा हिशेब होता. संध्याकाळी परत जागच्या जागी ठेवली असती.

"आणि नंतर ठेवलीसच," मोखाडी म्हणाली. "रक्त वाळल्यावर."

"मला त्यांना मारायचं नव्हतं."

"माहीत आहे. पण ते झुडपात शिरताना तू गाडीपाशी होतास. त्यांच्या बंदुकीत काय आहे ते तुला ठाऊक होतं. एक हाक मारली असतीस तरी पुरे होतं."

रुआननं तोंड दोन्ही हातांत धरलं. हाक घशापर्यंत आली होती, असं काहीसं तो पुटपुटला, पण तेव्हा पाहुणा अजून शेजारीच उभा होता, त्याच्यासमोर सगळं उघडं पडलं असतं.

हेस्टर दारात येऊन उभी होती. ती केव्हा आली हे दोघांनाही कळलं नव्हतं. तिनं पुतण्याकडे बघितलं, लहानपणी ज्याला तिनं याच व्हरांड्यात बूट घालायला शिकवलं त्याच्याकडे.

"मला मागायचं होतंस," ती म्हणाली. "गोळ्या पेटीत आणखी होत्या. एका दुपारचं काम. मी त्या माणसाला काडतुसं भरून दिली असती, आणि लॉरेन्सला मी समजावलं असतं. त्यानं आरडाओरडा केला असता आणि मग दिली असती. त्यानं तुला कधी नाही म्हटलंय?"

रुआन रडू लागला. ती जवळ गेली नाही.

मोखाडीनं त्याला बेड्या घातल्या नाहीत. तो स्वतःच गाडीत मागे जाऊन बसला. शिपायानं दार लावलं. निष्काळजीपणानं माणूस मारणं आणि पुरावा बदलणं, ही दोन कलमं लागतील, असं तिनं हेस्टरला समजावून सांगितलं. उद्या मुसिनाच्या कोर्टात उभं करतील. जामिनासाठी घरच्या माणसाची सही लागेल, आणि आता घरचं माणूस म्हणजे ती एकटीच.

हेस्टरनं ॲप्रनला हात पुसले. गाडीच्या काचेतून रुआन तिच्याकडे बघत होता.

"सही मी करणार नाही," ती म्हणाली. मग घरात वळता वळता थांबली. "पण तिथे जेवण कधी देतात ते विचारून सांगा, कॅप्टन. त्याला कोठडीतलं खाणं सोसायचं नाही. मी डबा पाठवीन."

आणि उरलेल्या बीन्स निवडायला ती आत गेली.